चौकटीवरची खूण

१

मला नेम धरायची सवय आहे. घरातले हसतात. आमचे हे तर म्हणतात, "तुझं कॅलेंडर माणसांसाठी नाही, देवासाठी छापलेलं आहे." हसोत बापडे. कुणाचा ताप उतरावा म्हणून मी मीठ सोडलं, कुणाची नोकरी टिकावी म्हणून गोड सोडलं, आणि एकदा महिनाभर दुपारची झोप सोडली. त्यात झोपेचं सगळ्यांत जड गेलं. पण नेमानं कधी कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो.

हिवाळ्याच्या तोंडावर माझी नणंद मनाच्या दवाखान्यातून घरी आली. पाच महिने होती तिथे. तिला सगळे बारकी म्हणतात. वय चाळिशीचं, पण चण अशी की पाठमोरी पाहिली तर शाळेतली मुलगी वाटावी. शिवणकाम करते, तेही फार सुबक. आपल्या मागे कुणीतरी उभं असतं, असं तिला वाटायचं. कोण ते ती सांगत नसे.

सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "नव्वद दिवस बघू. घरात रोजचं रोज तसंच चालू दे. जेवण, झोप, कामं, काही बदलू नका. नव्वद दिवस नीट गेले तर गोळ्या कमी करू. नाहीतर परत आणावं लागेल, आणि या वेळी लवकर सोडता येणार नाही."

'परत' हा शब्द ऐकताच बारकीनं माझी बाही घट्ट धरली. घरी पोचेपर्यंत सोडली नाही.

त्याच संध्याकाळी मी नेम धरला. नव्वद दिवस दिवेलागणीला बारकीच्या खोलीच्या उंबऱ्याशी दिवा लावायचा आणि हात जोडून मनातल्या मनात म्हणायचं, "माझी माणसं आहेत तशी राहू देत. कमी नको, जास्त नको, बदल नको."

साधंच मागणं होतं.

तिची खोली पॅसेजच्या टोकाला आहे. पूर्वी ती सासूबाईंची होती. तिला लागूनच अडगळीची खोली, तिला बाहेरून कडी. थंडीत त्या पॅसेजमध्ये पाचलाच अंधारून येतं आणि त्याच सुमाराला माझी मुलगी शाळेतून येते. सात वर्षांची आहे. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती घरात चालत येत नाही, गरगरत येते. एक बूट दाराशी, दुसरा सोफ्याखाली, दप्तर जिथे पडेल तिथे.

तेविसाव्या दिवशी मी दिवा लावून हात जोडलेले होते. भिंगरी आली. तिनं बूट काढले आणि एकाला एक लावून ठेवले. मग हळूहळू पॅसेजमधून आली, बारकीच्या खोलीच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. टाचा जुळवल्या. हनुवटी सरळ केली. आणि गुडघे किंचित वाकवले. अगदी किंचित. माझं लक्ष नसतं तर कळलंही नसतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

ती थोडा वेळ तशीच थांबली आणि म्हणाली, "जाऊ आता?"

हे तिनं मला विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यावरून पलीकडे, खोलीत बघून विचारलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. बारकी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. गाळणं आपटल्याचा आवाज मी ऐकला.

२

रविवारी सकाळी हे नळाचा वॉशर बदलत होते, तेव्हा मी हसत हसतच सांगितलं. मुलं काय काय खूळ काढतात, अशा सुरात.

यांच्या हातातला पाना थांबला.

"गुडघे वाकवले? नक्की?"

"किंचित."

"तिला कुणी सांगितलं हे?"

"काय सांगितलं?"

हे ओल्या फरशीवरच बसले. माझा नवरा उंच आहे, पण कायम थोडा वाकून उभा राहतो. लग्नाच्या फोटोतही तसाच आहे. फोटोवाला म्हणाला होता, "साहेब, ताठ उभे राहा, नवरी काही पळून जात नाही." तेव्हा मी खूप हसले होते.

सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या. डोक्यानं आजारी होत्या, इतकंच मला माहीत. अकरा वर्षांत आम्ही त्यापुढे बोललो नव्हतो. त्या सकाळी हे बोलले, तेही नळाकडे बघून.

"आईला वाटायचं की आम्ही बाहेर गेलो की कुणीतरी आम्हाला बदलतं. शाळेतून परत येतात ती आपली मुलं नाहीत. म्हणून आलो की तिच्या खोलीच्या चौकटीशी उभं करायची आणि मापायची. शिवायच्या टेपनं. टेपचं पितळी टोक फरशीवर सोडायची, टिक. त्यावर आमची टाच, आणि डोक्यावर तिचा तळवा. माप खुणेला जुळलं तर सोडायची."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर परत मापायची. दुसऱ्यांदा टिक वाजलं की आम्हाला कळायचं. मग अडगळीच्या खोलीत. खरी मुलं परत येईपर्यंत." त्यांनी पाना हातात फिरवला. "आतून म्हणत राहायचं, 'आई, मीच आहे.' कधीतरी तिला पटायचं."

"पण मुलं वाढतात," मी म्हटलं.

"वाढतात ना. म्हणून गुडघे वाकवायचो." पाना त्यांनी खाली ठेवला. "मी नऊ वर्षांचा असताना मामा मला घेऊन गेला. मला एकट्यालाच. बारकी मागे राहिली."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

चौकटीवर दोन खुणा होत्या. आपली त्यांनी स्वतः घासून काढली होती. बारकीची मात्र तिनंच राहू द्या म्हणून सांगितलं, म्हणून राहिली. त्यावर तीन वेळा रंग बसला आहे. मी बोट फिरवून बघितलं तर हाताला लागली, एकाच जागी शंभर वेळा नख ओढावं तशी आडवी चर.

भिंगरीचं डोकं बरोबर तिथवर येत होतं.

"तिनं आपलं बोलणं ऐकलं असेल कधीतरी," हे म्हणाले.

आपण यावर आजच पहिल्यांदा बोलतोय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

३

खोटं कशाला सांगू, ते दिवस बाकी फार चांगले होते. बारकी सुधारत होती. बैठकीच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन घरघरायला लागलं, जुनी गिऱ्हाइकं यायला लागली. एक जाडजूड काका तावातावानं आले, "ताई, मागच्या वेळेला पँट घट्ट शिवलीत तुम्ही!" बारकीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, मापांची वही उघडली आणि शांतपणे म्हणाली, "काका, पँट माझी, पण पोट तुमचं." ते काकाच आधी हसले. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी इतकं मोठ्यानं हसत होतं.

ती हसत असतानाच मला तो आवाज ऐकू आला. टिक. पॅसेजमधून.

टेप बारकीच्या गळ्यात होता. दोन्ही टोकं मला समोर दिसत होती.

थंडीत लाकूड आकसतं. नळ पुरता बंद झालेला नसतो. भिंतीत पाल असते. घरातले आवाज मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. मी उठून पॅसेजचा दिवा लावला, काही नव्हतं, बंद केला.

पण तो आवाज रोजचा झाला. पाचच्या सुमाराला, भिंगरी चौकटीशी उभी राहिली की. एकदाच, टिक. मग ती "जाऊ आता?" म्हणायची आणि थोडं थांबून निघून जायची. मी तिला रागावले, समजावलं, जवळ घेऊन विचारलं. ती नुसती म्हणायची, "एकच मिनिट असतं गं आई." आणि मग चित्रं काढत बसायची. गरगरणं तिनं सोडलंच होतं.

एक दिवस बारकी मला म्हणाली, "वहिनी, आई आता माझ्यामागे उभी राहत नाही."

'कोण' याचं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं. मी सुई खाली ठेवली. "कधीपासून?"

"तुम्ही दिवा लावायला लागल्यापासून."

मी तिला मिठीत घेतलं आणि आनंदानं रडले. देवानं ऐकलं असं वाटलं. मग त्या आता कुठे उभ्या राहतात, हे विचारायला मी विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा, विचारलं नाही.

४

नखांवरून माझ्या लक्षात आलं.

दर रविवारी आंघोळीनंतर मी भिंगरीची नखं कापते. त्या रविवारी नेलकटर सापडेना. शोधता शोधता ते औषधांच्या डब्यात मिळालं, जिथे मी ते बारकी घरी आली त्या आठवड्यात ठेवलं होतं. म्हणजे तेव्हापासून काढलेलंच नव्हतं. मी भिंगरीचे हात हातात घेतले. नखं छान कापलेली होती.

"तू कापलीस का?"

"नाही."

"आत्यानं?"

"कुणीच नाही. ती वाढतच नाहीत." ती हसली. तिचा पुढचा दात हलला.

तो दातही. नेम धरला त्या दिवशी तो हलत होता. दोन दिवसांत पडेल म्हणून मी तिला सफरचंद बारीक करून दिलं होतं. आज सत्तरावा दिवस होता. दात तसाच हलत होता, जिभेनं ढकलला की दाराच्या बिजागरीसारखा.

मग मी बघतच सुटले. बूट, जे दर हंगामाला आखडतात, ते तसेच. बारकीनं पहिल्याच आठवड्यात वाढत्या अंगाचा म्हणून शिवलेला फ्रॉक अजून खांद्यावरून घसरत होता. कपाळावर कापलेल्या केसांची झालर भुवयांच्या वर तितकीच. शाळेतल्या नर्सबाईंच्या कार्डावर तीन महिन्यांचे तीन आकडे एकसारखे होते. शेजारी त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

काही मुलं उशिरा वाढतात. मी स्वतः उशिरा वाढले होते. हे मी आरशासमोर उभी राहून स्वतःला दोनदा ऐकवलं.

५

ऐंशीव्या दिवशी दुपारी बारकी कॉलरला इस्त्री करत होती. मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "माप जुळलं की आई काय म्हणायच्या गं?"

इस्त्री फिरत राहिली. "म्हणायची, आहे तशीच आहे. कमी नाही, जास्त नाही, बदल नाही."

माझे शब्द मी कधीच मोठ्यानं म्हटले नव्हते. मनातल्या मनात म्हणत होते, ऐंशी दिवस.

"बारके, मी आजपासून दिवा लावणार नाही."

तिनं इस्त्री उभी केली. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. "वहिनी, दहाच दिवस राहिलेत. दहा. मला परत तिथे नाही जायचं."

"भिंगरी वाढत नाहीये गं."

"मला माहितीये," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. "फ्रॉक मी शिवलाय ना. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

मी तिच्यावर चिडू शकले नाही. चार वर्षं जिनं त्या चौकटीशी काढली, तिच्यावर कोण चिडणार? मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. जन्मात मी नेम मोडला नव्हता. इकडे माझं लेकरू, तिकडेही एक लेकरूच.

संध्याकाळी मी दिवा लावला नाही.

पाच वाजता भिंगरी आली. बूट काढले. मी पॅसेजमध्येच होते. तिचा हात धरायला पुढे झाले, पण ती माझ्या बाजूनं पाण्यासारखी निसटली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तोंड उघडून तिनं मला दाखवलं. दात नव्हता. "आई, शाळेत पडला!" तिचा चेहरा क्षणभर फुलला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत.

टिक.

पॅसेज अर्धा अंधारात होता. तिच्या टाचेजवळ फरशीवर काहीतरी पिवळं चकाकत होतं, डाळीच्या दाण्याएवढं. तिचे केस, जे शाळेतून येताना नेहमी पिंजारलेले असतात, ते वरून हळूच दबले. रिबिनीचा फुगा चपटा झाला. कुणी तळवा ठेवावा तसे. बोटांच्या जागी चार खळगे मी स्वतः पाहिले. त्यापलीकडे काही नव्हतं. चौकट होती, आणि चौकटीपलीकडे नेहमीपेक्षा थोडी जास्त काळोखी खोली.

टिक.

बैठकीतलं मशीन थांबलं. आणि तिथून बारकीचा आवाज आला, पण तिचा आजचा आवाज नाही. "आई, मीच आहे. आई, मीच आहे."

अडगळीच्या खोलीची कडी सरकायला लागली. घाई नव्हती तिला.

मी भिंगरीला दंडाला धरून ओढलं आणि तिच्या जागी गेले. पाठ चौकटीला लावली. "आई, तिला सोडा," मी म्हटलं. कधीही न पाहिलेल्या बाईला मी पहिल्यांदा हाक मारत होते. "ती लहान आहे. ती वाढणारच. मी आता वाढत नाही. मला मापा."

आणि खुणेला यावं म्हणून मी गुडघे टेकले.

थंडगार काहीतरी टाचेला लागलं. टिक. मग डोक्यावर तळवा. मऊ होता, हे सांगायला हवं. मुलाचा ताप बघताना आईचा असतो तसा. गुडघ्यांवरही मी खुणेच्या तीन बोटं वर येत होते, ते त्या तळव्याला कळलं आणि तो थांबला. मी मान वाकवली. आणखी वाकवली.

दुसरं टिक वाजलं नाही. कडी होती तिथे गेली.

६

नव्वद दिवस पूर्ण झाले. डॉक्टरबाईंनी बारकीच्या अर्ध्या गोळ्या बंद केल्या आणि मला म्हणाल्या, "घरात तुमच्यासारखं माणूस असलं की आमचं काम हलकं होतं." बारकी आता एकटी बाजारात जाते. भिंगरीचा नवा दात आला, फावड्याएवढा. फ्रॉक आखडला, बूट दोनदा घेतले, नखं तर इतकी वाढतात की रविवार कमी पडतो. ती परत गरगरत येते आणि चौकटीकडे ढुंकूनही बघत नाही. तिची उंची खुणेच्या चांगली वर गेली. मी देवाचे आभार मानते, रोज.

नेम मी सोडलेला नाही. पाच वाजता उंबऱ्याशी दिवा लावते आणि चौकटीला पाठ टेकून गुडघ्यांवर बसते. शब्द बदलले आहेत. "माझी माणसं वाढू देत. मी आहे." शेजारणी येऊन बघून जातात, म्हणतात, काय भक्ती आहे. हे म्हणतात, "गुडघे धरतील तुझे." टिक एकदाच वाजतं. एक मिनिटाचं तर असतं.

अलीकडे मान वाकवावी लागत नाही. सवय झाली असेल म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

परवा घरात चालताना गाऊन पायात आला आणि मी पडता पडता वाचले. बारकी म्हणाली, "वहिनी, घोळ लोळतोय की. थांबा, दुमडून देते." कापड धुऊन धुऊन सैल होतं, मी म्हटलं. "होतं ना," ती म्हणाली. मला तिनं खिडकीशी उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि गुणगुणत माझ्या पायाशी बसली. हा गाऊन गेल्या वर्षी तिनंच शिवला आहे. माझं माप तिच्या वहीत आहे.

तिनं टेपचं टोक फरशीवर सोडलं. टिक. वर खांद्यापर्यंत ओढला. वहीत बघितलं.

गुणगुणणं थांबलं.

बाहेर भिंगरी कुणाशीतरी दोरीच्या उड्या मारत मोठमोठ्यानं आकडे म्हणत होती. बारकीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. माझ्याकडे बघितलं नाही. टेप पुन्हा सरळ केला.

टिक.

मग तिनं हळूच मान वर केली. दवाखान्यात जायच्या आधी ती आपल्या पाठीमागे जशी बघायची, तशी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि बसल्या जागीच एक वीत मागे सरकली.

"बारके," मी म्हटलं, "मीच आहे गं."